अर्धा सेकंद

सईच्या बारशाचा व्हिडिओ मी वीस-पंचवीस वेळा तरी पाहिला असेल. भावजयीच्या भावानं मोबाईलवर घेतलेला, जेमतेम दोन मिनिटांचा. मिरजेच्या आमच्या जुन्या घरातली मधली खोली, पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटात घुगऱ्या, आणि त्या खोलीत मावणार नाहीत इतक्या बायका. मी आत्या, म्हणजे त्या दिवशीची दुय्यम उत्सवमूर्ती. पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानात कुर्रर्र करते, पाठीत धपाटे बसतात (त्यातला एक जरा जास्तच मनापासून घातलेला आहे, तो कुणाचा, हे मला व्हिडिओमुळेच कळलं), आणि मग सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "सई!" पाळण्याच्या उशाशी खुर्चीत आई बसली आहे. ती चटकन मान वर करते आणि म्हणते, "ताई?" घर खो खो हसतं. "अहो, बाळाचं नाव ताई कोण ठेवेल!" असं कुणीतरी म्हणतं. मग आईही हसते.

इथवर सगळं गोडच आहे. पण तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की आईचं हसू सगळ्यांच्या मागून येतं. अर्धा सेकंद असेल. ती आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, सगळ्यांचे दात दिसतात, आणि मग ती हसते. कशाला हसायचं हे तिला कळलेलंच नाही.

त्यानंतर मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघत राहिले.

आईला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्या चुकीच्या ऐकण्याचे आमच्या घरात किस्से झाले होते. "चहा टाकू का?" असं विचारलं तर "दहा? आत्ताच वाजले?" भाचा बारावी पास झाला तेव्हा मी फोनवर ओरडून सांगितलं, "पास झाला गं!" तर पलीकडून काळजीचा सूर, "ताप आला? कधीपासून?" आम्ही हे सगळ्यांना सांगायचो, तिच्यासमोर सांगायचो, आणि तीही हसायची. तेव्हा ती किती उशिरा हसायची, ते पाहायला व्हिडिओ नव्हता. आणखी एक गोष्ट होती, ती मात्र आम्ही तिच्या माघारी बोलायचो. आईच्या हातची आमटी कडवट लागायला लागली होती. मोहरी करपलेली असायची. वय झालं, हाताची चव गेली, असं भाऊ म्हणायचा आणि मी मान डोलवायचे. मग एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना पाहिलं. तेल तापलं होतं, मोहरी तडतडत होती, आणि आई पळीकडे शांतपणे बघत उभी होती, ती तडतडायची वाट बघत. धूर दिसला तेव्हा तिनं हिंग टाकला.

सांगलीच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी तिला काचेच्या केबिनमध्ये बसवून, कानावर हेडफोन लावून, हातात बटण दिलं. निघालेला आलेख त्यांनी माझ्यासमोर धरला. डावीकडे जाड, खर्जातले आवाज, तिथे रेघ बऱ्यापैकी सपाट. उजवीकडे बारीक, तार आवाज, आणि दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ घाट उतरल्यासारखी खाली गेलेली. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग असतो, त्याला साधारण अडीच वेढे. उलगडला तर साडेतीन सेंटीमीटर भरेल. त्याच्या आत एक पडदा आहे, आणि प्रत्येक आवाजाची लाट त्या पडद्यावरून धावत जाऊन आपापल्या ठरलेल्या जागी सर्वात उंच उसळते. बारीक आवाजांची जागा अगदी दाराशी, जाड आवाजांची आत शेंड्याला. हे ज्यानं दाखवून दिलं तो ग्योर्गी फॉन बेकेशी बुडापेस्टला पोस्टखात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करायचा. फोनवरचा आवाज सुधारायचा तर आधी कान समजला पाहिजे म्हणून त्यानं मृत माणसांचे कान उघडून पाहिले, आणि 1961 साली त्याला नोबेल मिळालं. त्या पडद्यावर एकेका कानात पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी असतात. जन्माला येताना जेवढ्या, तेवढ्याच. गेलेली पेशी परत येत नाही. कोंबडीला येते, चिमणीला येते, आपल्याला नाही. आणि वयाबरोबर जायला सुरुवात होते ती दाराकडून, म्हणजे बारीक आवाजांपासून.

आता गंमत अशी की बोलण्यातला दणका सगळा स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. आ, ओ, ऊ हे भरघोस, खालच्या पट्टीतले. स, श, फ, थ, ख हे नुसते वाऱ्याचे फुत्कार, बारीक आणि दुबळे. म्हणजे आईच्या बाराखडीत काने, मात्रा, वेलांट्या सगळ्या जागच्या जागी होत्या, मूळ अक्षरं तेवढी पुसली गेली होती. 'सई'तला स गेला की उरतं काय? आणि आम्ही मोठ्यानं बोलायचो म्हणजे काने-मात्रेच मोठे करायचो. त्यात भर म्हणजे या वयात कानाचं एक विचित्र त्रैराशिक होतं. हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा, कधीकधी त्याहूनही कर्कश लागतो. ऐकू येण्या-न येण्याची सीमा वर सरकते, सहन होण्याची तिथेच राहते. त्यामुळे आई आधी "काय?" म्हणायची, आणि मी आवाज चढवला की "ओरडतेस कशाला, बहिरी नाहीये मी." दोन्ही खरं होतं.

बारशाच्या वेळी सई बारा दिवसांची होती. तिला मी जे नाव कानात सांगितलं ते तिच्या दृष्टीनं एक हवेचा झोत होता. पण ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज माझा आहे, तिच्या आईचा नाही, एवढं तिला बहुधा कळलं असणार. आईच्या पोटात सहावा महिना सरता सरता बाळाचे कान कामाला लागतात. आत पोचतात ते मुख्यतः जाड आवाज, भिंतीपलीकडून कुणी बोलत असावं तसे. शब्द नाहीत, चाल पोचते. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं तर आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. बाळांनी आपली लय बदलून आईचा आवाज लावून घेतला. अभिमन्यूची गोष्ट ऐकून मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना याचं काही विशेष वाटत नाही, आणि गर्भसंस्काराच्या सीड्या विकणाऱ्यांना तर फारच आनंद होतो. पण चक्रव्यूह वगैरे काही आत जात नाही हो. आईचा सूर जातो, वर तिच्या हृदयाचे ठोके आणि पोटातली गुडगुड.

सगळ्यात मला चटका लावणारी हकिकत पुढची आहे, कारण ती आपल्या अक्षरांची आहे. कॅनडात व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना या दोघांतला फरक फारसा ऐकूच येत नाही, त्यांच्या लेखी तो एकच आवाज. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो स्वच्छ ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांकडे गेलं तर तो बहुतेक हरवलेला. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना अर्थातच येत होता. 1984 साली हा शोधनिबंध आला. म्हणजे वाढदिवसाचा पहिला केक कापायच्या आत मेंदूनं ठरवून टाकलेलं असतं की या घरात कुठले भेद कामाचे आणि कुठले नुसतं ओझं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा न्यूजर्सीत वाढला. तो 'बाळ' म्हणताना 'बाल' म्हणतो, आणि मी दुरुस्त केलं की प्रामाणिकपणे विचारतो, "मावशी, मी तेच तर म्हणालो?" आम्हाला वाटायचं त्याची जीभ वळत नाही. आणि आपणही काही कमी नाही. 'जग फार मोठं आहे' यातला ज आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज, लिहायला एकच अक्षर. कुणीही न शिकवता आपले कान ते वेगळे ठेवतात. मराठी शिकायला आलेल्या एका बंगाली मैत्रिणीला मी हे दोन ज पंधरा मिनिटं म्हणून दाखवले. शेवटी ती म्हणाली, तू माझी चेष्टा करतेयस.

सई आता आठ महिन्यांची आहे. म्हणजे या क्षणी तिला जगातल्या कितीतरी भाषांतले बारीक भेद ऐकू येत असतील आणि दिवाळीपर्यंत त्यातले बरेच ती टाकून देईल. ते टाकल्याशिवाय मराठी येणार नाही, हे कळतं. तरी मला उगाच हळहळ वाटते. सिएटलला पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बसवली, खेळणी आणि पुस्तकं घेऊन, एकूण बारा बैठका. बाळांनी चिनी आवाजांतला भेद पकडून ठेवला. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं तेव्हा काहीही झालं नाही. हे वाचल्यावर भावाला पाठवलं, कारण त्यांच्या घरात टीव्ही बाळासाठी चालू ठेवतात. त्यानं अंगठा पाठवला. टीव्ही चालूच आहे.

आमचं घर मिरज स्टेशनपासून लांब नाही. माझ्या लहानपणी मिरजेला तिन्ही मापांच्या रुळांवरून गाड्या यायच्या, रुंद, मध्यम आणि लातूरकडची ती लहान. पाहुणे आले की सकाळी लाल डोळ्यांनी विचारायचे, तुम्हाला झोप लागते कशी? आम्हाला खरोखरच गाड्या ऐकू यायच्या नाहीत. कान झोपत नाही, त्याला पापणी नाही. आवाज आत जातच असतो. आत कुणीतरी बसून ठरवत असतं की ही मालगाडी, जाऊ दे, आणि हे बाळ कुरकुरलं, उठव. धाकट्या भावाच्या वेळी आई दिवसभराच्या कामानं मेल्यासारखी झोपायची, इंजिन दारातून गेलं असतं तरी उठली नसती, पण त्यानं रडायच्या आधी जो नाकातून एक फुसकारा सोडायचा असतो, तेवढ्यानं ती उठून बसलेली असायची. बाबा दोन्ही वेळेला झोपलेले. यावर संशोधन असो नसो, मी साक्षीदार आहे.

आणि मिरजेत वाढलेल्या माणसानं सतारमेकरांबद्दल न बोलता पुढं जाणं बरं नाही. शाळेतून येताना आमची वाट त्यांच्या दुकानांवरून. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. त्यातले एक म्हातारे चाचा चांगले बहिरट होते. चहावाल्याला दोनदा ओरडावं लागायचं, तेव्हा ते हात पुढे करायचे. पण तंबोऱ्याची जवारी काढायला बसले की घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी थांबायचे, आणि तिथं तार अशी काही झंकारायची की आम्ही पोरं गप्प. एकदा त्यांनी मला भोपळ्याला कान लावायला सांगितला. "तारा किती?" "चार." "काय लावलंय?" "पंचम आणि सा." "मग ऐक, गंधार बोलतोय." मला काही ऐकू येईना. त्यांनी बारीक आवाजात गंधार गुणगुणला, आणि एकदम तो तंबोऱ्यातून वर आला, जणू इतका वेळ पडद्यामागे उभा होता. त्या दिवसापासून मला तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो आणि न ऐकायचं ठरवलं तरी जात नाही. तो सुरुवातीपासून तिथं होताच, षड्जाच्या पोटातच असतो. कानात शिरतही होता. फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती. चाचांना चहावाला ऐकू यायचा नाही आणि धाग्याएवढा फरक ऐकू यायचा, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटतं, चाळीस-पन्नास वर्षं एकाच गोष्टीकडे लक्ष दिलेला मेंदू झिजलेल्या कानाकडूनसुद्धा काम करून घेत असणार. म्हाताऱ्या वादकांना गोंगाटातलं बोलणं इतर म्हाताऱ्यांपेक्षा बरं समजतं, असं काही अभ्यासांत दिसलंही आहे.

आई मात्र वादक नव्हती. तिनं आयुष्यभर ऐकलं ते कुकर, पोरं आणि बाबा.

गोंगाटातून हवं तेवढंच ऐकणं हे मेंदूचं सर्वात अवघड काम. लग्नाच्या पंगतीत शंभर माणसं बोलत असतात, बँडवाला हात साफ करत असतो, आणि तरी आपण शेजारणीनं सांगितलेली जावेची भानगड अक्षर न चुकता ऐकतो. कॉलिन चेरी या लंडनच्या प्राध्यापकानं 1953 मध्ये लोकांच्या दोन्ही कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय हे त्यांना जवळपास काहीही सांगता येईना. भाषा बदलली तरी पत्ता नाही. पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात मधेच ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. बाकी सगळ्या शब्दांना बाहेर थांबवणारा रखवालदार या एका शब्दाला आत सोडत होता. स्वतःचं नाव बाळाला साडेचार महिन्यांतच ओळखू येतं, अजून त्याचा अर्थ कळायचा असतो तेव्हाच. सईच्या बाबतीत आम्ही हे करून पाहिलं. "मई, रई, जुई" म्हटलं तर ती पंख्याकडे बघत राहिली. "सई" म्हटल्यावर वळली. मग पुन्हा पंखा.

आणि जे ऐकू आलं नाही ते मेंदू भरून काढतो. हे तो इतक्या सफाईनं करतो की भरलंय हे आपल्याला कळतही नाही. 1970 मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातलं एक व्यंजन कापून तिथं खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठं होता हे सांगता येईना. त्याहून मौजेचा दुसरा खेळ. मराठीत करायचा तर असा: पहिलं अक्षर खोकल्यात गेलंय असं समजा, आणि पुढं '...आडी नेसली' आलं तर साडी ऐकू येते, '...आडी सुटली' आलं तर गाडी. लक्षात घ्या, शब्द कुठला ते ठरवणारं क्रियापद नंतर येतंय. म्हणजे मेंदू थांबतो, पुढचं येऊ देतो, मागं जाऊन गाळलेली जागा भरतो, आणि मग आपल्याला सांगतो की हे घ्या, असंच ऐकलं होतं तुम्ही. तरुणपणी हा प्रकार अधूनमधून होतो. आईचा मेंदू वाक्यागणिक हेच करत होता. जेवायच्या टेबलावर आम्ही सातजण एकमेकांचं बोलणं तोडत बोलतोय, पंखा, वर टीव्ही, आणि ती प्रत्येक शब्द अर्धा उचलून शेवटपर्यंत वाट बघतेय. तोवर आम्ही पुढच्या विषयावर. ती संध्याकाळी थकलेली दिसायची. सगळी शक्ती शब्द ओळखण्यात गेली की ते लक्षात ठेवायला काय उरणार? "आई विसरायला लागलीय," असं भाऊ म्हणायचा. मी पुन्हा मान डोलवायचे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याची नोंद 2017 मध्येच केलेली आहे. ही माहिती मी ऑफिसच्या एका आरोग्यशिबिरात ऐकली होती आणि घरी घेऊन आले नव्हते.

खरं सांगायचं तर मला हे सगळं इतकं टोचण्याचं कारण निराळं आहे. बारशानंतर महिनाभरानं पुण्यात ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेले होते. हल्लीची हॉटेलं, उघड्या विटांच्या भिंती, उंच छत, पडदे नाहीत, जमीन गुळगुळीत, आवाज जाणार कुठं? टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता मला माझंच हसणं ऐकू आलं, मागून आलेलं. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. ऑडिओलॉजिस्टबाईंनी आईबरोबर माझीही तपासणी केली होती आणि 'वयाप्रमाणे' असं म्हटलं होतं. वयाप्रमाणे म्हणजे काय, ते त्याच आठवड्यात कळलं. भाच्यानं फोनवर काहीतरी लावलं आणि कान दाबून धरले. मला शांतता. "मावशी, खरंच नाही ऐकू येत?" सतरा हजार हर्ट्झ की काय म्हणाला. वेल्समध्ये असा आवाज सोडणारं यंत्र 2005 च्या सुमारास निघालं होतं, दुकानांसमोर घोळका करणाऱ्या पोरांना पिटाळायला. मोठ्यांना ते ऐकूच येत नाही. पोरांनी त्याचा रिंगटोन करून वर्गात वापरला, मास्तरांना कळू नये म्हणून. भाचा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी आईकडे बघते तसा.

फाल्गुनात आईला मशीन आणलं. पहिल्या दिवशी घरी येईपर्यंत ती रिक्षात कान धरून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "हा कसला आवाज?" बांगड्यांचा होता. तिच्याच. मग वर्तमानपत्राची घडी, चपलांची घासट, नळाचं ठिबकणं. इतकी वर्षं हे सगळं मेंदूकडे येणंच थांबलं होतं, त्यामुळे बांगडी टाकून द्यायची असते हेही तो विसरला होता. दार उघडल्यावर सगळेच आत. बाईंनी सांगितलं होतं, रोज घाला, काही आठवडे द्या, काहींना महिनेही लागतात, मेंदूला पुन्हा निवडायला शिकू द्या. आईनं चार दिवस घातलं, मग ते देवघरातल्या हळदीकुंकवाच्या पंचपाळ्याशेजारी डबीत गेलं. आम्ही भांडलो. आता ती सकाळी स्वयंपाकापुरतं घालते. आमटी सुधारलीय. दुपारी काढते. "जरा गप्प बसू दे की मला," म्हणते. मला तिचा राग येतो, आणि दुपारी दोन वाजता मिक्सर, टीव्ही आणि शेजारचं ड्रिल एकदम सुरू झालं की हेवाही वाटतो.

बाबा गेले तेव्हा शेवटचे दोन दिवस ते कशालाच प्रतिसाद देत नव्हते. सिस्टर म्हणाल्या, कानाशी बोला, कान शेवटी जातो. तेव्हा मला ते धीर देण्यापुरतं वाटलं होतं. 2020 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मरणाच्या दारात बेशुद्ध पडलेल्या काही माणसांच्या डोक्याला तारा लावून सुरांचे तुकडे ऐकवले, आणि त्यातल्या काहींचा मेंदू सुरातला बदल अजून टिपत होता. समजत होतं का, ते कोण सांगणार? आईनं त्यांच्या कानात रामनाम घेतलं. माझ्या तोंडून काही येईना. शेवटी मी वाकून म्हटलं, "बाबा, लाइटचं बिल भरलंय."

मागच्या आठवड्यात मिरजेला गेले होते. श्रावणाची सर येऊन गेलेली, पन्हळीतून पाणी गळत होतं. आई सतरंजीवर गवार मोडत बसली होती, समोर सई वाटी-चमचा घेऊन. दुपारची वेळ, म्हणजे मशीन डबीत. दोघींचं काहीतरी चाललं होतं. आई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, एकेक अक्षर ओढत, सुरात म्हणत होती, "का-ऊ ये, चि-ऊ ये," आणि सई तिच्या ओठांकडे टक लावून. या वयात बाळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा तोंडाकडे जास्त बघतात. आईही हल्ली तेच करते. सईनं "ब्बा" केलं की आई लगेच "ब्बा." मधे वेळ जात नव्हता. व्हिडिओतली ती अर्धा सेकंद मागे राहणारी आई मला तिथं सापडेना. आणि मग एकदम आठवलं की त्या व्हिडिओतही एका जागी ती मागे राहिलेली नाही. मी "सई" म्हटलं आणि तिची मान वर झाली, ती तात्काळ. हसताना उशीर झाला, "ताई?" म्हणताना नाही.

मी तिच्यासमोर, तोंड दिसेल अशी बसले.

"बारशाच्या दिवशी तू ताई म्हणालीस ना. तुला खरंच वाटलं, बाळाचं नाव ताई ठेवलं?"

"छे गं. असं नाव कोण ठेवतं?"

"मग?"

तिनं एक शेंग मोडली, शीर ओढून बाजूला टाकली. "मला वाटलं, मला कुणीतरी हाक मारली."

माहेरी ती ताई. पाच भावंडांत थोरली. आम्ही तिला आई म्हणतो, सूनही आई म्हणते, गल्ली काकू म्हणते. ताई म्हणणाऱ्यांतला शेवटचा म्हणजे धाकटा मामा, त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

"आता ताई म्हणणारं कोण राहिलंय, म्हणून विचारलं," आई म्हणाली. "तर तुम्ही सगळे हसायलाच लागलात."

सईनं वाटी फरशीवर आपटली. "हळू," आई तिला म्हणाली, आणि मोडलेल्या शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "शिरा राहिल्यात का बघ जरा. मला आता दिसतही नाही नीट."